काढलेलं इंजिन ठेवलंय कुठं?

डिअरबॉर्नच्या कारखान्यात १९६७ साली तयार झालेली फोर्ड मस्टँग स्वतःची ओळख स्वतःच सांगते, फक्त तिचा नंबर वाचता आला पाहिजे. पहिला आकडा सात, म्हणजे साल. मग एफ, म्हणजे डिअरबॉर्न. शून्य-दोन म्हणजे मागे उतरत गेलेल्या छपराची, फास्टबॅक. आणि पाचवं अक्षर इंजिनाचं. माझ्या सहकाऱ्याच्या गाडीवर ते एस आहे. एस म्हणजे ३९० घनइंची, आपल्या हिशेबात ६.४ लिटरचं, आठ सिलिंडरांचं इंजिन. कंपनीने जाहीर केलेली ताकद ३२० अश्वशक्ती. हा नंबर बॉनेटखालच्या पत्र्यावर ठोकलेला आहे, म्हणजे गाडीच्या नावातच तिचं इंजिन आहे. आज त्या बॉनेटखाली एसचं इंजिन नाही. तिथे २.३ लिटरचं, चार सिलिंडरांचं, टर्बोचार्जर असलेलं इंजिन आहे, २०१६ सालच्या एका अपघातग्रस्त मस्टँगमधून काढून आणलेलं. पत्र्यावरचा एस जसाच्या तसा आहे.

मग ही गाडी तीच आहे का?

हा प्रश्न मला रिकामपणचा वाटत नाही. मी डेट्रॉइटच्या परिसरात राहते, इंजिनांच्या कॅलिब्रेशनचं काम करते, आणि लहानाची मोठी झाले ती कोल्हापूरच्या उद्यमनगरात, अण्णांच्या इंजिन रिबोअरिंगच्या दुकानामागच्या दोन खोल्यांत. माणूस मेल्यावर काय उरतं, मूर्ती बदलली तर देव तोच राहतो का, सत्तरीतल्या बाईने सात वर्षांच्या मुलीच्या फोटोवर बोट ठेवून ‘ही मीच’ कशाच्या जोरावर म्हणायचं, हे सगळे प्रश्न या गाडीच्या प्रश्नाच्याच कुळातले आहेत. यंत्राच्या बाबतीत ते विचारण्यात एक सोय आहे. यंत्र उघडून बघता येतं.

सहकाऱ्याचे वडील असेंब्ली लाइनवर कामाला होते. ही गाडी त्यांनी तरुणपणी घेतली आणि शेवटपर्यंत विकली नाही. त्यांच्या अखेरच्या आजारपणात कुणीतरी रेडिएटरमध्ये नुसतं पाणी भरून ठेवलं. मिशिगनच्या जानेवारीत पाणी गोठतं, गोठताना फुगतं, आणि बिडाच्या ब्लॉकमध्ये त्याला फुगायला जागा नसते. ब्लॉकच्या बाहेरच्या भिंतीला वीतभर तडा गेला. वडील गेले, गाडी गॅरेजमध्ये झाकून राहिली. काही वर्षांनी मुलाने ठरवलं की ती चालती करायची, पण आजच्या इंजिनावर. थंडीत एका किल्लीत सुरू व्हावी, पेट्रोल कमी प्यावी, रोज कामावर नेता यावी. वायरिंग आणि इंजिनाच्या संगणकाचं काम मी करावं, असं त्याने विचारलं. २००६ च्या ‘टोकियो ड्रिफ्ट’ या चित्रपटात मुलगा वडिलांच्या १९६७ च्याच मस्टँगमध्ये निस्सान स्कायलाइनचं जुळ्या टर्बोचं इंजिन बसवतो, ते दृश्य त्याने मला फोनवर लावून दाखवलं.

त्याचा काका त्याच संध्याकाळी गॅरेजमध्ये आला होता. उघड्या बॉनेटवर हात टेकवून तो म्हणाला, ‘‘इंजिन हा गाडीचा आत्मा. तो काढलास तर माझ्या भावाच्या प्रेताला रंग लावून रस्त्यावर फिरवशील.’’ सहकारी म्हणाला, ‘‘झाकून ठेवलीय तेव्हाच ती प्रेत आहे. चालली तर जिवंत.’’ दोघेही रागात नव्हते. दोघांना एकाच माणसाची आठवण येत होती.

काकाच्या म्हणण्यातला दुःखाचा भाग मी बाजूला ठेवते, त्याच्याकडे पुन्हा यावं लागेल. शुद्धतेचा भाग मात्र इतिहासाला धरून नाही. मसल कार, म्हणजे दांडग्या इंजिनाची गाडी, हा प्रकारच मुळी परक्या देहात घातलेल्या इंजिनातून जन्मला. १९६४ च्या मॉडेलसाठी पाँटियाकचे मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेम्पेस्ट या मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाड्यांसाठी असलेलं ३८९ घनइंची इंजिन बसवलं. जनरल मोटर्सचा नियम असा होता की या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठं इंजिन द्यायचं नाही. म्हणून त्यांनी ते मूळ गाडीत न देता जादा पैशांचा पर्याय म्हणून विकायला काढलं आणि त्याला जीटीओ नाव दिलं, तेही इटलीच्या फेरारीकडून उचललेलं. मस्टँगचं वेगळं नाही. १९६४ च्या एप्रिलमध्ये न्यू यॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात ती लोकांसमोर आली तेव्हा तिच्या देखण्या पत्र्याखाली फाल्कन या साध्या घरगुती गाडीचा सांगाडा होता. ३९० घनइंची इंजिन पहिल्या मस्टँगला मिळतच नव्हतं. १९६७ साली गाडी रुंद केली तेव्हा ते आत गेलं. ज्याला आज मूळ म्हणायचं तेही एका बदलाचंच फळ आहे.

टर्बोही इथे परका नाही. अल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली त्याचं पेटंट घेतलं. कल्पना मोठी सुंदर आहे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरात बरीच शक्ती शिल्लक असते, ती नळीतून वाया जाते. त्या धुरावर एक चक्र फिरवायचं, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये भरायची. मिनिटाला लाखभर फेऱ्यांच्याही वर फिरणारी ही दोन चाकं टाकलेल्या श्वासाच्या बळावर नवा श्वास ओढतात. म्हणून २.३ लिटरचं इंजिन ३१० अश्वशक्ती देतं. जुन्या इंजिनाची ३२० ही त्या काळच्या मोजणीची, पंखा-सायलेन्सर वगैरे न लावता टेबलावर मोजलेली. १९७२ पासून अमेरिकेत मोजणी बदलली. आजच्या मापाने दोघांत नवं इंजिनच वरचढ ठरेल, आकार तिसऱ्या हिश्शाच्या जवळपास असूनही.

आता मुख्य प्रश्न. इंजिन म्हणजे आत्मा, हे काकाचं वाक्य मी आपल्या परंपरेपुढे ठेवून पाहिलं, तर तिथे ते टिकत नाही. कठोपनिषदात रथ येतो. शरीर हा रथ, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रियं घोडे, आणि आत्मा रथात बसलेला स्वामी. ओढण्याचं बळ घोड्यांचं, म्हणजे इंजिनाची जागा इंद्रियांच्या रांगेत आहे. लगामाच्या जागी इंजिनाचा संगणक ठेवता येईल. स्वामी मात्र लोखंडात कुठेच सापडणार नाही. घोडे थकतात, जायबंदी होतात, बदलले जातात. त्याने रथ परका होत नाही.

बौद्धांची वाट आणखी कठोर. मिलिंद राजा, म्हणजे ग्रीक वंशाचा मिनँडर, भिक्षू नागसेनाला भेटायला रथातून आला. नागसेनाने त्याला त्याच रथाबद्दल विचारलं. आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ? जू म्हणजे रथ? सगळ्याचा ढीग म्हणजे रथ? प्रत्येकाला राजा नाही म्हणाला. मग रथ हे एक वापरातलं नाव आहे, या भागांच्या आधाराने चालणारं, आणि नागसेन हेही तसंच एक नाव. या हिशेबाने मस्टँगमधून काहीही काढलं तरी ‘मस्टँगपण’ निघून जात नाही, कारण ते आत कधी नव्हतंच. नैयायिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते भागांहून वेगळी अशी पूर्ण वस्तू, अवयवी, खरोखर असते. पण तेही म्हणतात की एक अवयव गेला तरी जुना अवयवी नष्ट होतो आणि उरलेल्यांतून नवा उत्पन्न होतो. म्हणजे इंजिन सोडा, आरशाची काच बदलली त्याच क्षणी १९६७ ची गाडी संपली.

ही तिन्ही दर्शनं मी आदराने वाचते. गॅरेजमध्ये मात्र ती तिन्ही मला एकाच जागी आणून सोडतात: ‘तीच का’ या प्रश्नाचं उत्तर लोखंडात नाही. उत्तर लोखंडात नसेल तर काय करायचं, हे ती सांगत नाहीत. ते मला उद्यमनगरातून मिळालं.

पंचगंगेच्या काठच्या गावांतून अण्णांकडे पाणी उपसायची डिझेल इंजिनं यायची. उसाला पाणी द्यायचं म्हणजे इंजिन बंद पडून चालायचं नाही. ब्लॉक बोअर केला, लायनर बसवला, पिस्टन नवे, क्रँक ग्राइंड केला, पुढच्या खेपेला क्रँकच बदलला, मग हेड बदललं. काही इंजिनांत पहिलं म्हणावं असं फार थोडं उरलेलं असायचं. तरी शेतकरी आला की म्हणायचा, ‘‘आजोबांचं इंजिन आणलंय.’’ अण्णा कधी म्हणाले नाहीत की यात आजोबांचं काय राहिलंय. पण काढलेला प्रत्येक भाग ते गोणपाटात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात देत. झिजलेला लायनरसुद्धा. ‘‘तुमचं आहे, घेऊन जा. भंगारात घालायचं तर तुम्ही घाला.’’ खंडेनवमीला बोअरिंग मशीनला हळद-कुंकू लागायचं, तसं दुरुस्तीला आलेल्या लोकांच्या इंजिनांनाही लागायचं, आणि त्या गोणपाटातल्या भागांनाही. लहानपणी मला ते पूजेचं सामान पुरवायचं काम असे, त्यामुळे कुठे किती बोटं लावायची ते अजून हाताला आठवतं.

सरकारचंही या प्रश्नावर मत असतं, आणि ते जागोजागी वेगळं. कोल्हापूरच्या आरटीओत गाडीच्या आरसी पुस्तकावर चासी नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही असतात. इंजिन बदललं तर नोंद करावी लागते. मिशिगनच्या मालकीच्या कागदावर एकच नंबर, गाडीचा. इंजिन काढलं काय नि घातलं काय, कागदाला पत्ता नाही. तिथे देह म्हणजेच गाडी.

काम सुरू झालं आणि मला एक गोष्ट दिसली जी कुठल्याही दर्शनात मी वाचली नव्हती. नवं इंजिन बसवणं हे लोखंडाच्या दृष्टीने फार अवघड गेलं नाही. या पिढीच्या मस्टँगमध्ये इंजिनाच्या दोन्ही बाजूंना सस्पेन्शनचे पत्र्याचे बुरूज उभे असतात. रुंद आधुनिक व्ही-आठ घालायचं तर ते बुरूज कापावे लागतात. चार सिलिंडरांचं एका रांगेतलं इंजिन त्यांच्या मधे सहज उतरतं. रेडिएटरच्या पुढे इंटरकूलर बसला, टाकीत विजेचा पंप गेला, पॅडलची तार जाऊन तिथे सेन्सर आला. अडलं ते संगणकाशी. तो ज्या गाडीतून आला होता ती त्याला हवी होती. चाकांचा वेग सांगणारा भाग कुठे आहे? ब्रेकचा संगणक का बोलत नाही? किल्ली ओळखीची का नाही? उत्तर मिळालं नाही की तो दोषाचा संकेत लावायचा आणि स्वतःची ताकद कमी करून घ्यायचा. त्याचा मूळ देह भंगाराच्या यार्डात चिरडला गेला होता आणि तो अजून त्यालाच हाका मारत होता. एकेक हाक शोधून ती थांबवणं, किंवा तिला नव्या देहातून खरं उत्तर मिळेल अशी सोय करणं, हे माझं काम होतं. रात्री गॅरेजमध्ये लॅपटॉपपुढे बसून मी हे करत असताना पूर्वजन्मीच्या संस्कारांबद्दल आईने सांगितलेलं सगळं मला आठवत असे, आणि ते मला अलंकारिक वाटत नसे.

याच दिवसांत अण्णांना फोनवर मी सगळं सांगितलं. काकाचा आत्मा, नागसेनाचा रथ, संगणकाच्या हाका. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, ‘‘ते सगळं असू दे. काढलेलं इंजिन ठेवलंय कुठं?’’

मी म्हटलं, गॅरेजच्या कोपऱ्यात, जमिनीवर.

‘‘जमिनीवर नको. बीड ओल खातंय. स्टँडवर घ्या, सिलिंडरात तेल सोडा, तोंडं बंद करा. आणि तडा म्हणजे मरण नव्हे, बाळ. बिडाला टाके घालता येतात.’’

हे खरंच आहे. बिडाला वेल्डिंग मानवत नाही, तापून दुसरीकडे फुटतं. म्हणून तड्याच्या रेषेवर एकापुढे एक भोकं पाडून त्यांत एकमेकांत अडकणारे धातूचे स्क्रू बसवतात आणि आडव्या पट्ट्या ठोकून तडा आवळतात. थंड काम असतं, वेळखाऊ असतं, आणि नीट केलं तर पिढीभर टिकतं. काका आणि पुतण्या दोघेही ज्याला मेलेलं समजून वाद घालत होते ते इंजिन मेलेलं नव्हतं.

अण्णांच्या प्रश्नाने माझ्या डोक्यातला सगळा वाद फिरला. मी इतके दिवस गाडीत काय आलं याचा विचार करत होते. ते बाहेर काय गेलं याचा करत होते.

आणि मग जाणवलं की आपल्या कथा नेमकं हेच सांगत आल्या आहेत. शंकराचार्यांच्या चरित्रात परकायाप्रवेशाची कथा आहे. मंडनमिश्रांच्या पत्नीने, उभयभारतीने, वादात असं काही विचारलं ज्याचं उत्तर संन्याशाला अनुभवाने माहीत नव्हतं. आचार्यांनी मुदत मागून घेतली, नुकत्याच मेलेल्या अमरुक राजाच्या देहात प्रवेश केला आणि स्वतःचा देह शिष्यांच्या राखणीत गुहेत ठेवला. राजा उठून बसला. राज्य पूर्वीपेक्षा बरं चालू लागलं. त्यावरूनच मंत्र्यांना शंका आली: चेहरा तोच, पण हा आमचा राजा नाही, कुणी योगी आत आहे. तो जाऊ नये म्हणून त्यांनी हुकूम सोडला की राज्यात सापडेल तो निष्प्राण देह जाळून टाका. पुढे शिष्यांची धावपळ आणि आचार्यांचं ऐनवेळी परतणं.

माझी आई श्रावणात नवनाथांचं पारायण करत असे. त्यात मच्छिंद्रनाथ त्रिविक्रम राजाच्या देहात शिरतात आणि त्यांचा मूळ देह गोरक्षनाथ सांभाळतात. दोन्ही कथा मी कितीदा ऐकल्या, पण त्यांतली भीती कुठे आहे ते आता कळलं. परक्या देहात शिरण्यात पाप आहे असं कथा म्हणत नाही. शिरण्याने राज्याचं भलंही होतं. सगळी काळजी, सगळी जागरणं, सगळी शिक्षा आहे ती मागे ठेवलेल्या देहापाशी. तो कुणी राखला, कुणी जाळायला काढला, यावर धर्म-अधर्म ठरतो.

पुरीच्या जगन्नाथाचा नवकलेवर हा विधी या गॅरेजच्या अगदी उलट दिशेचा आहे. तिथे देह बदलतो आणि गाभा तोच राहतो. कडुनिंबाच्या नव्या मूर्ती घडवतात, आणि रात्री, डोळ्यांवर पट्टी बांधलेले दैतापती सेवक जुन्या मूर्तीतला ब्रह्मपदार्थ नव्या मूर्तीत ठेवतात. १९९६ साली झालं, मग २०१५ साली. पण त्यानंतर जुन्या मूर्तींचं काय होतं? मंदिराच्या आवारातल्या कोइली वैकुंठात त्यांना पुरतात, आणि दैतापती घरचं माणूस गेल्यासारखं सुतक पाळतात. देव नव्या देहात गेला हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. तरी रिकाम्या लाकडासाठी सुतक. या एका गोष्टीसाठी मला तो विधी फार थोर वाटतो.

ज्यांनी काढलेल्या भागाची किंमत केली नाही त्यांचं काय झालं याचं उदाहरण याच मिशिगनमध्ये आहे. १९६२ साली ओल्ड्समोबिलने जेटफायर ही गाडी काढली. २१५ घनइंची ॲल्युमिनियमचं व्ही-आठ इंजिन, टर्बोचार्जर लावलेलं, आणि ताकदही २१५ अश्वशक्ती. इंजिन ठोकू नये म्हणून त्यात मिथेनॉल आणि पाण्याचं मिश्रण वेगळ्या टाकीतून फवारलं जाई. लोक ती टाकी भरायला विसरत, टर्बोची नीट निगा राखत नसत, तक्रारी येत. मग बऱ्याच गाड्यांचा टर्बो काढून साधा कार्बोरेटर बसवून दिला गेला. काढलेले टर्बो भंगारात गेले. आता जेटफायर सांभाळणारे लोक तोच टर्बो जगभर शोधत फिरतात.

राहिला आवाज. इथे मला काकाच्या बाजूने उभं राहावंसं वाटतं. जुन्या व्ही-आठचा तो घरघरता, लंगडत चालल्यासारखा नाद कुठल्या जादूने येत नाही. फोर्डच्या या इंजिनात एक ते चार सिलिंडर उजव्या रांगेत आणि पाच ते आठ डाव्या. पेटण्याचा क्रम एक, पाच, चार, दोन, सहा, तीन, सात, आठ. म्हणजे चार आणि दोन लागोपाठ उजवीकडे पेटतात, सात आणि आठ लागोपाठ डावीकडे. दोन्ही बाजूंच्या धुराच्या नळ्यांत ठोके समान अंतराने पडत नाहीत, आणि ती असमानता म्हणजे तो आवाज. चार सिलिंडरांच्या इंजिनात ठोके समान पडतात, वर टर्बोचं चक्र त्यांची धार खाऊन टाकतं. शिल्लक राहतो एक सपाट आवाज आणि वर बारीक शीळ. इंजिन स्टँडवर राखता येतं, आवाज राखता येत नाही. भाऊ घरी येतोय हे काका ज्या आवाजावरून ओळखत होता तो आवाज या गाडीतून खरोखर गेला आहे. यावर मी त्याला काही समजावू शकत नाही आणि समजावूही नये. कंपनीने स्वतः २०१५ च्या चार सिलिंडरी मस्टँगमध्ये स्पीकरमधून इंजिनाचा भरदार आवाज ऐकवायची सोय केली होती. सहकाऱ्याने विचारलं, तसं काही या गाडीत घालायचं का, काकाला बरं वाटेल. मी नको म्हटलं आणि आजही त्यावर ठाम आहे. मेलेल्या माणसाचा आवाज काढून कुणाचं सांत्वन करू नये. जे गेलं ते गेलं असं गाडीने खरं सांगावं.

गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही गाडी वुडवर्ड अॅव्हेन्यूवर नेली. १९९५ पासून तिथे जुन्या गाड्यांची मोठी जत्रा भरते, फर्नडेलपासून पाँटियाक शहरापर्यंत रस्त्याच्या दोन्ही कडांना लोक खुर्च्या टाकून बसतात. बॉनेट उघडलं की माणसं वाकून बघत. काही जण एक शब्द न बोलता निघून जात, काही जण तासभर थांबत. काका आमच्यासोबत होता. तो गाडीत बसला नाही, पण मागच्या गाडीतून आला, आणि जे कुणी विचारत त्यांना सांगत होता की मूळ ३९० घरी स्टँडवर आहे, पुढच्या हिवाळ्यात त्याला टाके घालायचे आहेत.

मूळ इंजिन धडधाकट असताना, केवळ वेगासाठी, ते उपटून विकून टाकणं मला पटत नाही. ‘बुलिट’ चित्रपटात धावलेली १९६८ ची मस्टँग एका कुटुंबाने अनेक दशकं, गंज आणि ओरखडे न पुसता सांभाळली. २०२० च्या जानेवारीत ती लिलावात ३४ लाख डॉलरच्या बोलीला गेली. तिच्या पत्र्यात चित्रीकरणाच्या वेळच्या खुणा अजून आहेत. अशा गाडीला हात लावणं हा अधर्म आहे, मी दुसरा शब्द वापरणार नाही. पण ज्या गाडीचं इंजिन थांबलं आहे, जी झाकून कुजणार आहे, तिच्यात नवं इंजिन घालायला कुणाची हरकत असू नये, एवढंच की पत्रा कापलेला नसावा, बोल्ट काढले तर जुनं परत बसावं, नंबरावर कानस लागू नये आणि आवाजात खोटेपणा नसावा.

वडिलांची पद्मिनी, काकांची जावा, आजोबांची बुलेट घरात उभी असेल आणि ती चालती करायला तुम्ही नवं इंजिन घालणार असाल, तर घाला. आरसीवर नोंद करा. काय बदललं, कधी बदललं, काढलेलं कुठे आहे, हे एका कागदावर लिहून तो गाडीतच ठेवा. आणि काढलेलं इंजिन गॅरेजवाल्याकडे सोडून येऊ नका, घरी घेऊन या.